फौजी वैमानिक व्हायचंय? मग या चुका टाळा

एसएसबीच्या, म्हणजे फौजेत अधिकारी निवडणाऱ्या मुलाखत-चाचण्यांच्या तयारीसाठी माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींना मी सुरुवातीलाच विचारतो, "हवाई दलच का?" उत्तर हवाई दलाबद्दल असावं, एवढीच माझी अपेक्षा असते. पण बहुतेकांची गाडी लगेच लष्करात काय वाईट आणि नौदलात घर किती महिने सुटतं यावर घसरते. ज्यांना नौदल हवं असतं ते हवाई दलाला नावं ठेवतात. मोबाईलवरच्या मिनिटभराच्या व्हिडिओंतून उचललेली ही भाषा ऐकून मी कंटाळलो आहे. म्हणून पहिली चूक तीच.

दलांच्या भांडणात उडी घेणं

चुरस खरी आहे. समुद्रावर लांब पल्ल्याची टेहळणी कुणी करायची यावर हवाई दल आणि नौदलाचं जमत नव्हतं. शेवटी १९७६ मध्ये सुपर कॉन्स्टेलेशन विमानांसकट ते काम नौदलाकडे आलं. तोफखान्याचे अधिकारी छोट्या विमानांतून वरून पाहून जमिनीवरच्या तोफांचा मारा नेमका करवायचे. त्या एअर ओपी तुकड्यांमधून लष्कराचं स्वतंत्र आर्मी एव्हिएशन कोअर उभं राहायला १ नोव्हेंबर १९८६ उजाडलं. अपाचे हेलिकॉप्टरं कुणाकडे असावीत यावरही असाच वाद झाला. २०१५ च्या करारातली २२ हवाई दलाला मिळाली, लष्कराच्या ६ अपाचेंचा करार व्हायला २०२० उजाडलं. पैसा, माणसं आणि युद्धात हुकूम कुणाचा, असे गंभीर प्रश्न या वादांमागे आहेत. ज्यांनी त्या नोकरीत उमेदीची वर्षं घालवली त्यांनी ते मांडावेत. बारावीतल्या मुलाने त्यात बाजू घेऊन काय साधायचं?

साताऱ्याकडचा एक मुलगा लेखी परीक्षा उत्तम गुणांनी पास होऊन आला होता. त्याची सरावाची मुलाखत घ्यायला मी पायदळातून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांना बोलावलं. त्यांनी विचारलं, "लष्कर का नको?" मुलगा ताडकन म्हणाला, "सर, आर्मीवाले चिखल तुडवतात, युद्ध आम्ही जिंकतो." अजून मेडिकलही झालं नव्हतं, आणि हा 'आम्ही' म्हणत होता.

स्नेही चिडले नाहीत. "लोंगेवाला सांग," म्हणाले, म्हणजे १९७१ च्या युद्धातली राजस्थानच्या वाळवंटातली लढाई. मुलाने हंटर विमानांनी रणगाडे कसे फोडले ते झकास सांगितलं. "आणि हंटर येईपर्यंत ठाणं कुणी धरलं? वैमानिकांना रणगाडे कोण दाखवत होतं?" मुलगा गप्प.

मग त्यांनीच सांगितलं. हंटरना रात्री हल्ला करता येत नव्हता. ५ डिसेंबर १९७१ ला उजाडेपर्यंत २३ पंजाबची एक कंपनी रणगाड्यांसमोर वाळूत टिकून राहिली. सकाळी जैसलमेरहून हंटर आले, तेव्हा एअर ओपीचे मेजर आत्मा सिंग चिमुकल्या कृषक विमानातून त्यांना लक्ष्य दाखवत होते. कृषकमधला तो अधिकारीही लष्कराचाच, आणि चिखल तुडवणारेही लष्कराचेच. त्या दिवशी जमिनीवरच्या माणसाला वरच्याची गरज होती आणि वरच्याला जमिनीवरच्याची. मुलाने वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि नंतर तासभर तो फक्त ऐकत होता. त्याच्या बुद्धीत कधीच खोट नव्हती, कुणीतरी त्याला चुकीच्या जागी अभिमान बाळगायला शिकवलं होतं.

यावर माझा उपाय साधा आहे. मी तीन कोरे कागद देतो, दरेक दलाला एक. त्यावर त्या दलातला वैमानिक कुठे शिकतो, काय उडवतो आणि साध्या दिवशी काय करतो एवढंच लिहायचं. दुसऱ्या दलाचं नाव आलं की कागद परत. हवाई दलाच्या कागदावर दुंडिगलचं पिलॅटस हे शिकाऊ विमान, मग लढाऊसाठी बिदरचं हॉक जेट, मालवाहूसाठी येलहंका, हेलिकॉप्टरसाठी हकीमपेट यायला हवं. नौदलाच्या कागदावर गोव्याच्या आयएनएस हंसा तळावरचं मिग-२९के लढाऊ विमान, अरक्कोणमचं पी-८आय हे टेहळणी विमान, आणि हलत्या युद्धनौकेच्या डेकवर हेलिकॉप्टर उतरवणं. लष्कराच्या कागदावर नाशिकचं कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल आणि सियाचेनला चीता हेलिकॉप्टरमधून जखमी जवान उतरवून आणणं. तिथे बरेच वैमानिक आधी दुसऱ्या शाखेत अधिकारी होते आणि नंतर उड्डाणाकडे वळले, हेही लिहायचं. तिन्ही कागद मनापासून भरले की फॉर्ममधला पसंतीक्रम मुलं स्वतःच ठरवतात, मला विचारायची गरज पडत नाही.

आणि बारावीनंतर एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत गेलात, तर खडकवासल्याला तिन्ही दलांचे कॅडेट तीन वर्षं एकाच स्क्वॉड्रनमध्ये, म्हणजे एकाच वसतिगृहाच्या गटात राहतात. ज्याला आज शिव्या देताय, तो उद्या तुमच्या शेजारच्या खोलीत असेल.

'फायटर, नाहीतर काहीच नको'

लढाऊ, मालवाहू की हेलिकॉप्टर, यातला कोणता प्रवाह मिळणार हे प्रशिक्षणातली कामगिरी आणि दलाची गरज ठरवते. मालवाहू विमान किंवा हेलिकॉप्टर उडवणं ज्यांना कमीपणाचं वाटतं, त्यांनी या वाटेला येऊ नये. पुरात छपरावर अडकलेल्या माणसांपर्यंत फायटर पोचत नाही.

विशीच्या आत डोळ्यांवर लेसर

या चुकीने मला सर्वांत जास्त दुःख दिलं आहे. एक मुलगी अकरावीत होती, दोन्ही डोळ्यांना थोडा मायनस नंबर. घरचे तिला एका खासगी दवाखान्यात घेऊन गेले. 'डिफेन्सला चालतं' असं तिथे तोंडी सांगितलं गेलं आणि सतराव्या वर्षी लेसिक, म्हणजे नंबर घालवणारी लेसर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर वडील तिला घेऊन माझ्याकडे आले. "सर, आता नंबर शून्य आहे, एनडीएचा फॉर्म भरू ना?" त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला बोलणं जड गेलं.

एनडीएतून हवाई दलात जायचं असेल तर लेसिक चालत नाही. पदवीनंतर एएफकॅट या हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेतून चालतं, पण शस्त्रक्रिया वयाच्या विशीनंतर झालेली हवी, ती होऊन किमान १२ महिने गेलेले हवेत, आणि डोळ्याची लांबी, कॉर्नियाची जाडी यांच्या अटीही आहेत. म्हणजे ती थांबली असती तर पदवीच्या वेळी उड्डाण शाखेची वाट तिला खुली राहिली असती. घाईने एनडीएची वाट तर उघडली नाहीच, पुढची एएफकॅटचीही बंद झाली. चूक पोरीची नव्हती. मोठ्यांनी अधिसूचनेचं वैद्यकीय परिशिष्ट न वाचता पैसे भरले.

माझा नियम असा: दहावीच्या सुट्टीत नेत्रतज्ज्ञांकडून पूर्ण तपासणी, रंगओळखीसकट. मायनस नंबर निघाला तर एनडीएतून उड्डाण शाखा मिळणार नाही हे त्याच दिवशी मान्य करायचं आणि एएफकॅटचा विचार सुरू करायचा. त्याच वेळी टेप घेऊन मापंही घ्या. उड्डाणासाठी उंची किमान १६२.५ सेंमी लागते, आणि पायांची लांबी, बसल्यावरची उंची, मांडीची लांबी यांनाही मर्यादा आहेत. दोन वर्षं जीव तोडून मेहनत करून शेवटी मापात अडकणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि ते टाळता येतं.

'अनुभव म्हणून जाऊन येतो'

वैमानिक निवडीची संगणकीय चाचणी, सीपीएसएस, आयुष्यात एकदाच देता येते. त्यात नापास झालात की एनडीए असो वा एएफकॅट, उड्डाण शाखा संपली. त्यामुळे 'पहिला अटेम्प्ट सरावाचा' हे वाक्य माझ्यासमोर कुणी बोललं की मी तयारी तिथेच थांबवतो. हमखास पास करून देणारे क्लास आणि ॲप यांवर पैसे घालवू नका. आदल्या रात्री झोपा, सूचना शेवटच्या शब्दापर्यंत ऐका.

आणखी काही

दहावीनंतर 'मेडिकल करू' म्हणून गणित सोडू नका. एएफकॅटच्या उड्डाण शाखेलाही बारावीत गणित आणि भौतिकशास्त्र लागतं, प्रत्येकी किमान ५० टक्के.

एसएसबीत भरायच्या पीआयक्यू या वैयक्तिक माहितीच्या फॉर्ममध्ये न खेळलेले खेळ लिहू नका. मुलाखत घेणारे अधिकारी तिथूनच सुरुवात करतात.

आधार, मार्कशीट आणि जन्मदाखला यांवरचं नाव आजच जुळवून घ्या.

आणि पालकांना हात जोडून सांगतो, 'फौजेत उपयोग होईल' म्हणून जमीन गहाण ठेवून मुलाला व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला पाठवू नका. एएफकॅटमध्ये त्या परवान्याने वयाची मर्यादा २४ वरून २६ होते, इतकंच. लेखी परीक्षा, एसएसबी, सीपीएसएस आणि मेडिकल त्यालाही इतरांसारखंच द्यावं लागतं, आणि दुंडिगलला प्रशिक्षण पहिल्यापासून सुरू होतं. विमान कंपनीत नोकरी करायची असेल तर तो परवाना जरूर घ्या. फौजेसाठी त्या पैशातला एक रुपयाही लागत नाही.