परस्पर संमतीचा घटस्फोट: अर्जाआधी एवढं बघा

कुणावरही आरोप न करता घटस्फोट मिळतो, पण दोघं राजी असतील तरच. हिंदू विवाह कायद्याचं कलम 13-ब त्यासाठीच आहे. एकट्यानं 'आमचं पटत नाही' म्हणून भागत नाही. मग क्रूरता, त्याग (जोडीदाराला सोडून जाणं) असली कारणं सिद्ध करत बसावं लागतं.

अर्जाआधी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं हवं. एकाच छताखाली, पण नवरा-बायको म्हणून नव्हे, असं राहणंही त्यात धरलं जातं. संसार पुण्यात झाला, पण लग्न सोलापुरात लागलं असेल किंवा बायको आता जुळे सोलापुरात माहेरी राहत असेल, तर अर्ज सोलापुरातच करता येतो. पुण्याच्या खेपा कशाला?

पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. समेटाची आशाच उरली नसेल तर कोर्ट ही मुदत माफ करू शकतं. सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये तसं सांगितलंय. मात्र हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा अंतिम आदेश, होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून समझोत्याच्या कागदावर मोघम काही नको. 'स्त्रीधन परत केले' एवढंच लिहू नका. गंठण, पाटल्या, प्रत्येकाचं वजन ग्रॅममध्ये, कुठल्या तारखेला दिलं, सगळं येऊ द्या. पोटगीचा शेवटचा हप्ता दुसऱ्या जबाबाच्या दिवशी, म्हणजे मुदतीनंतर दोघं कोर्टात पुन्हा संमती सांगतात तेव्हा, डिमांड ड्राफ्टनं. मुलांचा ताबा, सुट्टीतल्या भेटी हेही त्यातच.

वकिलाची फी जड जात असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.