निवेदन दिले, फोटो आला, पुढे काय? व्यापारी संघटनांनी या चुका टाळा

तालुक्याच्या कोणत्याही व्यापारी महासंघाची फाइल उघडा. निवेदनांच्या प्रती भरपूर सापडतील. निवेदन देतानाचे फोटो सापडतील, वर्तमानपत्रातली कात्रणेही नीट चिकटवलेली असतील. त्या निवेदनाचे पुढे काय झाले, याचा कागद मात्र बहुतेक ठिकाणी नसतो. पदाधिकारी आळशी असतात म्हणून असे होत नाही. स्वतःचे दुकान सांभाळून ही माणसे संघटनेसाठी वेळ काढतात आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांची मेहनत वाया जाऊ नये म्हणूनच हे लिहितो आहे.

चुकीच्या दारात उभे राहणे

सर्वांत जास्त वेळ इथे जातो. जीएसटीचा दर कमी करा म्हणून आमदारांना निवेदन दिले जाते. आमदार ते आपुलकीने घेतात, पण दर ठरतो जीएसटी परिषदेत. तिथे मतांचे एक तृतीयांश वजन केंद्राकडे आणि दोन तृतीयांश सर्व राज्यांकडे मिळून असते. निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. म्हणजे आपला आवाज पोहोचवायचा तर तो परिषदेत बसणाऱ्या राज्याच्या मंत्र्यांपर्यंत आणि दरांची आधी छाननी करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या समितीपर्यंत जायला हवा. एकट्या तालुका संघटनेला हे जड जाते. राज्य पातळीवरच्या शिखर संस्था याच कामासाठी असतात. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये उभी राहिलेली महाराष्ट्र चेंबर ही त्यांतली जुनी संस्था. अशा संस्थेचे सभासदत्व घेऊनही वर्षभरात तिला एकही मुद्दा लिहून न पाठवणाऱ्या संघटना कमी नाहीत.

वीजदराचेही तसेच. मागणी ऊर्जामंत्र्यांकडे जाते, दर मात्र महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. महावितरणची दरवाढीची याचिका आली की जाहीर सूचना निघते, हरकती मागवल्या जातात, सुनावणी होते. तिथे मांडलेला मुद्दा नोंदीवर येतो आणि आयोगाला आपल्या आदेशात त्याची दखल घ्यावी लागते. मालमत्ता कर, बाजार फी, पार्किंग, फेरीवाला क्षेत्र हे विषय नगरपरिषदेचे किंवा महापालिकेचे. व्यवसाय कर, मुद्रांक शुल्क, बाजार समितीचा कायदा हे राज्याचे. निवेदनाचा मायना लिहिण्याआधी एवढे तपासायला पाच मिनिटे लागतात.

वेळ उलटून गेल्यावर बंद पुकारणे

१८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या धान्य, डाळी, पिठावर ५ टक्के जीएसटी लागू झाला. तो लागू होण्याच्या दोन दिवस आधी धान्यबाजार बंद राहिले. पण निर्णय जूनअखेर चंदीगडच्या बैठकीत होऊन गेला होता आणि दरांच्या फेररचनेसाठी नेमलेला मंत्रिगट त्याच्या कितीतरी आधीपासून काम करत होता. बोलण्याची खरी वेळ ती होती. नंतर खुलासा आला की सुट्या विक्रीवर कर नाही आणि २५ किलोंपेक्षा मोठ्या पिशवीवरही नाही. हे मुद्दे मंत्रिगटासमोर आधीच नेमकेपणाने मांडता आले असते.

विकास आराखड्यात तर याहून मोठे नुकसान होते. बाजारपेठेचा रस्ता रुंद करायचा प्रस्ताव प्रारूप आराखड्यात छापून येतो, ठरावीक मुदतीत हरकती मागवल्या जातात. त्या दिवसांत नकाशा बघायला कुणी जात नाही. वर्षे जातात, आराखडा मंजूर होतो आणि दुकानाच्या पायरीवर खूण करायला माणसे येतात तेव्हा धावाधाव सुरू होते. तोवर हातात फक्त न्यायालय उरते, आणि तिथेही पहिला प्रश्न हाच येतो की मुदतीत हरकत का घेतली नाही?

म्हणून संघटनेत एका माणसाकडे एवढेच काम द्या: राजपत्र, महापालिकेच्या जाहीर सूचना आणि मसुदा नियम दर आठवड्याला पाहणे. सोबत एक दिनदर्शिका ठेवा. विधिमंडळाचे अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात. तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना हवी असेल तर आमदारांना अधिवेशनाच्या आदल्या दिवशी भेटून काहीच होत नाही. काही आठवडे आधी मुद्दा, आकडे आणि प्रश्नाचा मसुदा त्यांच्या हातात हवा. आचारसंहिता लागली की निर्णय थांबतात, हेही हिशेबात धरा.

‘रद्द करा’ एवढेच म्हणणे

एलबीटीची, म्हणजे महापालिका जकातीऐवजी घेत असलेल्या स्थानिक संस्था कराची लढाई आठवून पाहा. २०१३ मध्ये राज्यभर दुकाने बंद राहिली, रोष खरा होता. तरी १ ऑगस्ट २०१५ रोजी ५० कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांची त्यातून सुटका होईपर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ गेला. अडलेला प्रश्न एकच होता: महापालिकांनी पगार कशातून द्यायचे? राज्याने भरपाईचे अनुदान द्यायचे ठरवले तेव्हा वाट मोकळी झाली. समोरच्याची अडचण सोडवणारा पर्याय आपल्याकडे तयार असेल तर चर्चा लवकर पुढे सरकते, हे माझे ठाम मत आहे.

निवेदन एका पानाचे आणि एका मागणीचे असावे. कोणते कलम, त्यात आज काय लिहिले आहे, आपल्याला कोणते शब्द हवेत आणि बदलामुळे सरकारी तिजोरीवर किती फरक पडेल, एवढे पुरे. बारा मागण्यांच्या निवेदनातली सर्वांत सोपी मागणी मान्य होते, महत्त्वाची राहून जाते. आकडे सभासदांकडूनच गोळा करा. ‘व्यापारी हवालदिल झाले आहेत’ या वाक्याने कोणताही सचिव हलत नाही. ‘आमच्या बाजारातल्या इतक्या दुकानांना या अटीमुळे महिन्याला इतका खर्च येतो’ असे लिहिले आणि सोबत सह्यांची यादी जोडली की टिप्पणी लिहिणाऱ्या कक्ष अधिकाऱ्याला काहीतरी धरता येते.

सभासदांना फॉरवर्ड पाठवून मोकळे होणे

संघटनेचे निम्मे काम सरकारकडे असते, उरलेले सभासदांकडे. तिथे सर्वांत मोठी चूक म्हणजे न तपासता पुढे ढकललेले मेसेज. प्राप्तिकर कायद्यातले ४३बी(एच) कलम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले, तेव्हा काय गोंधळ झाला ते आठवा. ‘४५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर खर्च अमान्य’ एवढेच सगळीकडे फिरले. खरी स्थिती अशी होती: लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांची, करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांची. तरतूद फक्त सूक्ष्म आणि लघु उत्पादक व सेवा पुरवठादारांच्या देण्यांपुरती. मध्यम उद्योग त्यात नाहीत. व्यापाऱ्यांना २ जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) मिळते खरी, पण ती बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरती, विलंबित देयकाच्या संरक्षणासाठी नाही. आणि अमान्य झालेला खर्च कायमचा बुडत नाही, पैसे दिले त्या वर्षी तो मिळतो. हे चार मुद्दे एका कागदावर मराठीत छापून वाटले असते तर कितीतरी दुकानदारांची झोप वाचली असती.

माहितीपत्रकावर तारीख आणि मूळ अधिसूचनेचा क्रमांक टाका. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची उलाढालीची मर्यादा ५ कोटींवरून १० कोटी आणि लघु उद्योगाची ५० वरून १०० कोटी झाली. जुने पत्रक बिनतारखेचे असेल तर सभासद चुकीच्या गटात बसून निर्णय घेईल. गुमास्ता परवान्याचे, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचेही असेच: २०१७ च्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीऐवजी केवळ सूचना देणे पुरेसे केले, तरी त्यानंतरही जुन्याच पद्धतीने नूतनीकरणासाठी एजंटला पैसे देणारे दुकानदार होते.

उत्तरच येत नसेल तर

आधी पोचपावती पाहा. मंत्र्यांच्या हातात दिलेला कागद कार्यालयात नोंदला गेलाच असे नाही. आवक क्रमांक घेतलेली प्रत हवीच. महिन्याभरात काही कळले नाही तर त्या क्रमांकाचा हवाला देऊन स्मरणपत्र द्या. तरीही शांतता असेल तर माहिती अधिकारात निवेदनावरील कार्यवाहीची आणि टिप्पणीची प्रत मागा. फाइल कोणत्या टेबलावर आणि कोणत्या शेऱ्याने थांबली, ते त्यातून दिसते.

एक गोष्ट घरातली. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर नवी कार्यकारिणी निवडल्यावर ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहिला तर कागदोपत्री जुनेच विश्वस्त कायम असतात, आणि एखादी हरकत किंवा याचिका दाखल करताना विरोधी पक्षाचा वकील सर्वांत आधी बोट ठेवतो ते तुमच्या अध्यक्षांच्या सहीवर.