इंग्रजी लेक्चरमध्ये लक्ष कसं टिकवावं? मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी

मराठी शाळेतून थेट इंग्रजीतून शिकवणाऱ्या सायन्सच्या वर्गात गेलेल्या मुलामुलींना एक वाक्य हमखास ऐकावं लागतं : ‘तुझं लक्षच नसतं.’ अकरावीत मीही ते ऐकलं. खरं तर पहिली दहा मिनिटं माझं पूर्ण लक्ष असायचं. मग ‘मोमेंटम’सारखा एखादा शब्द यायचा, मी त्याच्या अर्थापाशी अडकायचो आणि तोवर सर दोन समीकरणं पुढे गेलेले असायचे. मोमेंटम म्हणजे शाळेत शिकलेला संवेगच, हे मला दिवाळीच्या सुमारास कळलं. मन भरकटतं ते बरेचदा असं, एका शब्दाला ठेच लागून. म्हणून तयारी आदल्या रात्रीपासून करायची.

आदल्या रात्री : फक्त शब्द

उद्याचा धडा काढा, पण वाचत बसू नका. उपशीर्षकं, ठळक अक्षरांतले शब्द आणि आकृत्यांमधली नावं एवढंच चाळा. त्यातले आठ-दहा अनोळखी शब्द वहीत उतरवून शेजारी मराठी शब्द लिहा : इनर्शिया – जडत्व, ॲक्सलरेशन – त्वरण, ऑस्मॉसिस – परासरण. नववी-दहावीची विज्ञानाची पुस्तकं जपून ठेवली असतील तर निम्मे शब्द तिथेच सापडतात. नसतील तर बालभारतीच्या संकेतस्थळावर ती मोफत मिळतात. राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही ऑनलाइन आहेत.

मग प्रत्येक शब्द एकदा मोठ्याने म्हणा. हे टाळू नका. पुस्तकात शब्द डोळ्यांना दिसतो, लेक्चरमध्ये तो कानांना ओळखावा लागतो. या सगळ्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. वेळ नसेल तर बाकीचं सगळं सोडा, एवढं मात्र करा.

वर्गात शिरताना

पुढच्या दोन-तीन रांगांत बसा. मागे बसलं की सरांचा आवाज आणि तुम्ही यांच्यामध्ये पन्नास जणांची कुजबुज येते. फळा पुसट दिसत असेल तर डोळे तपासून घ्या. नंबर लागलेला असतो आणि आपण स्वतःला आळशी समजत राहतो. फोन बंद करून बॅगेच्या तळाशी. सायलेंटवर ठेवून बाकावर ठेवला तर हात तिकडे जातोच. फळ्याचा फोटो काढायची सवयही सोडा, कारण ‘फोटो आहे’ म्हटलं की मन तिथून उठतं.

पहाटेच्या पहिल्या एसटीने येणाऱ्यांना दुपारच्या लेक्चरला झोप अनावर होते, त्यात इच्छाशक्तीचा प्रश्न नाही. डबा अर्धाच खा, उरलेला नंतर. तोंडावर पाणी मारा, आवारात एक चक्कर टाका.

लेक्चर चालू असताना

वहीचं पान उघडून समासाची रेघ आणखी आत घ्या, डावीकडचा एक तृतीयांश भाग मोकळा सोडा आणि तळाशी चार-पाच ओळी. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी १९५०च्या दशकात ही पद्धत रूढ केली. उजवीकडे लेक्चरमधले मुद्दे, डावीकडे नंतर सुचलेले प्रश्न, तळाशी थोडक्यात सार.

मी त्यात एक भर घालतो : संज्ञा इंग्रजी उच्चाराचीच ठेवा, स्पष्टीकरण मराठीत लिहा. ‘ऑस्मॉसिसमध्ये पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जातं, मध्ये अर्धपार्य पडदा हवा.’ सरांची इंग्रजी वाक्यं जशीच्या तशी उतरवताना फक्त हात चालतो. मराठीत लिहायचं तर आधी समजून घ्यावं लागतं, आणि समजून घेताना लक्ष आपोआप तिथेच राहतं. परीक्षेसाठी ते इंग्रजीत मांडायचा सराव घरी करता येतो.

धागा तुटला तर

तो तुटणारच. अशा वेळी मागचं जुळवत बसू नका. चार ओळी कोऱ्या सोडा, समासात प्रश्नचिन्ह काढा आणि सर आत्ता जे बोलताहेत ते लिहायला लागा. मेसचे पैसे, घरचा फोन असं काही डोक्यात घोळत असेल तर तेही कोपऱ्यात एका शब्दात टिपा. मन ते सोडून द्यायला तयार होतं.

‘सर, हा मुद्दा परत सांगाल का?’ हे मराठीत विचारलं तरी चालतं. इंग्रजी वाक्य मनात जुळवेपर्यंत प्रश्नाची वेळ निघून जाते.

त्याच संध्याकाळी

वही मिटून, आठवेल ते पाच वाक्यांत लिहा, मग वही उघडून ताडून बघा. हरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं होतं, की शिकलेलं सगळ्यात वेगाने विसरतं ते सुरुवातीच्या तासांत. परीक्षेच्या आदल्या आठवड्यापर्यंत थांबलात तर आजच्या लेक्चरचं फारसं काही हाती उरत नाही.

कोऱ्या राहिलेल्या ओळी मैत्रिणीच्या किंवा मित्राच्या वहीतून भरून काढा. एकाच विषयात दोन आठवडे प्रश्नचिन्हंच साठत असतील, तर ती वही घेऊन स्टाफरूममध्ये जा आणि सरांना किंवा मॅडमना ती पानं दाखवा. ‘काहीच कळत नाही’ असं म्हणण्याऐवजी पानावर बोट ठेवून ‘इथपर्यंत कळलं, इथून तुटलं’ असं सांगा.