तीन प्रती असूनही स्टोरेज का अडकतं? या चुका टाळा

नाशिकच्या अंबड किंवा सातपूरमधल्या कारखान्यात स्वतःचा कुबरनेटिस क्लस्टर (अनेक सर्व्हरवर मिळून ॲप्लिकेशन चालवणारी यंत्रणा) लावायचा म्हटलं की मांडणी बहुधा ठरलेली: तीन सर्व्हर, त्यांवर सेफ (सगळ्यांच्या डिस्क एकत्र जोडणारं स्टोरेज) आणि ते कुबरनेटिसमध्ये चालवणारं रूक, डेटाच्या तीन प्रती. मांडणी चांगलीच आहे. घोळ होतो तो जागेच्या हिशेबात.

प्रत्येक सर्व्हरमध्ये 1 टीबीच्या दोन डिस्क धरा. एकूण 6 टीबी, वापरायला 2. डिस्क 60 टक्के भरल्यात, म्हणजे निवांत, असं डॅशबोर्ड बघून वाटतं. आता एक डिस्क गेली. प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवायच्या आणि सर्व्हर तर तीनच; त्यामुळे गेलेले 600 जीबी त्याच सर्व्हरच्या उरलेल्या डिस्कवर बसवावे लागणार. तिथे आधीच 600 आहेत! डिस्क 90 टक्क्यांवर गेली की सेफ तिच्यात भरपाईचा डेटा घेत नाही, 95 टक्क्यांना लिहिणंच बंद. 85 टक्क्यांना येणारा इशारा इथे काय कामाचा? अशा मांडणीत 40 टक्क्यांच्या आसपास थांबा, नाहीतर चौथा सर्व्हर घ्या. माझं मत विचाराल तर चौथा घ्याच.

दुसरी चूक सेटिंगमध्ये दिसतच नाही: तिन्ही सर्व्हर एकाच यूपीएसवर. वळवाच्या पावसात लाइट गेली आणि बॅटरी उतरली की तिन्ही प्रती एकदम आडव्या. लाइट आल्यावर घड्याळं जुळलेली आहेत ना ते आधी बघा, सेफच्या मॉनिटरना (क्लस्टरची स्थिती सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमना) 0.05 सेकंदाचा फरकही खपत नाही, म्हणून घड्याळं जुळवणारं क्रोनी चालू हवं. डिस्क साध्या डेस्कटॉपच्या असतील, वीज गेल्यावर डेटा सांभाळणारे कपॅसिटर नसलेल्या, तर त्या प्रत्येक सिंकला (डेटा डिस्कवर पक्का लिहिताना) रखडतात. मग पोस्टग्रेस डेटाबेस रांगतो आणि शिव्या नेटवर्कवाल्याला बसतात.

रूक ओएसडीच (एकेक डिस्क सांभाळणारा सेफचा प्रोग्रॅम) बनवत नसेल तर डिस्कवर जुनं पार्टिशन किंवा फाइल सिस्टिम उरलेली असते. पुसायच्या आधी सीरियल नंबर जुळवा. महत्त्वाच्या व्हॉल्यूमची (ॲप्लिकेशनला दिलेल्या स्टोरेजची) रिक्लेम पॉलिसी, म्हणजे मागणी काढल्यावर डेटाचं काय करायचं तो नियम, ‘रिटेन’ करून ठेवा. डायनॅमिक, म्हणजे मागणीनुसार आपोआप बनलेल्या व्हॉल्यूमला ती मुळात ‘डिलीट’ असते, क्लेम (ती मागणी) उडवला की डेटाही गेला.

सर्व्हर बंद पडला आणि दुसरीकडे उठू पाहणारा नवा पॉड (ॲप्लिकेशनचं चालतं युनिट) ‘मल्टी-अटॅच’, म्हणजे व्हॉल्यूम अजून जुन्या सर्व्हरला जोडलेला आहे, असं म्हणत अडकला, तर लगेच जुना पॉड फोर्स डिलीट करू नका. सर्व्हर नुसता नेटवर्कवरून तुटलेला असू शकतो आणि आत जुना पॉड अजून लिहीत असतो. रॅकपाशी जाऊन पॉवर खरंच बंद आहे याची खात्री करा, मगच त्या नोडला (कुबरनेटिसच्या भाषेत सर्व्हरला) ‘आउट-ऑफ-सर्व्हिस’ टेंट (नोड सेवेत नाही अशी खूण) लावा. व्हॉल्यूम सुटतो, पॉड दुसरीकडे उठतो. सर्व्हर दुरुस्त झाला की टेंट काढायचा मात्र हातानेच.