अवकाळीच्या दिवसांत रोजचा अंदाज: या चुका टाळा

फेब्रुवारी सरत आला की नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या निफाडच्या पट्ट्यात हवा लहरी होते. दोन दिवस कडक ऊन, तिसऱ्या दिवशी आभाळ, चौथ्या पहाटे पुन्हा स्वेटर. आणि नेमका तेव्हाच द्राक्षाचा माल वेलीवर, गहू उभा, उन्हाळ कांदा काढणीला आलेला. सोसायटीच्या भिंतीवरच्या फळ्यावर मी रोज सकाळी खडूने दिवसाचा अंदाज लिहितो. अंदाज हवामान खात्याचा असतो. मी तो फक्त आमच्या शिवाराच्या भाषेत उतरवतो. गफलती होतात त्या या उतरवण्यात. पुढे लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः करून झालेल्या आहेत.

दिवस कधी सुरू होतो, हेच न पाहणे

सगळ्यात महागात पडलेली चूक ही. हवामान खात्याचा दिवस रात्री बाराला बदलत नाही. तो सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. १७ तारखेच्या रकान्यात पाऊस दाखवला असेल आणि तो १८ च्या पहाटे पडला, तरी अंदाज बरोबरच ठरतो. एका मार्चमध्ये १७ तारीख संध्याकाळपर्यंत कोरडी गेली म्हणून मी फळा पुसून ‘धोका टळला’ असं लिहून मोकळा झालो. ते वाचून एका शेजाऱ्याने उपटून ठेवलेल्या कांद्यावरची ताडपत्री काढली. रात्री दीडच्या सुमारास सर आली. दुसऱ्या दिवशी तो मला एका शब्दानेही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

पडून गेलेल्या पावसाच्या आकड्यालाही हाच नियम. १८ तारखेच्या नोंदीत छापलेला पाऊस म्हणजे १७ च्या सकाळी साडेआठपासून १८ च्या सकाळी साडेआठपर्यंतचा. स्वतःचं मापक असेल तर तेही त्याच वेळेला मोजा, नाहीतर तुमच्या वहीचा आणि सरकारी नोंदीचा मेळ कधीच बसणार नाही.

‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे ‘थोडासा’ असं समजणे

अंदाजातल्या प्रत्येक शब्दाला माप असतं. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के. पाऊस किती भागावर पडेल हे या शब्दांतून कळतं. किती जोराचा पडेल हे त्यात नसतं. जोरासाठी वेगळे शब्द आहेत: हलका म्हणजे २४ तासांत साधारण १५ मिलिमीटरपर्यंत, मध्यम म्हणजे त्यापुढे ६४ पर्यंत, आणि ‘मुसळधार’ हा शब्द ६४.५ पासून पुढे. म्हणून ‘तुरळक ठिकाणी गारपीट’ हे वाचून हायसं वाटायचं काही कारण नाही. ज्या वाडीवर ती पडते तिथे ती तुरळक नसतेच.

पुन्हा हे माप किती मोठ्या मुलखाला लावलंय ते बघा. बातमीत ‘मध्य महाराष्ट्रात गारपिटीचा इशारा’ असं येतं, आणि हवामान खात्याचा मध्य महाराष्ट्र नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंत दहा जिल्ह्यांचा आहे. एकटा नाशिक जिल्हाच साडेपंधरा हजार चौरस किलोमीटरचा. सुरगाण्याच्या डोंगरात आणि येवल्याच्या माळावर एकाच दिवशी एकच हवा असेल, अशी अपेक्षा आपण तरी का करावी? अवकाळीचा ढग रुंदीला काही किलोमीटर आणि आयुष्याने तासा-दीड तासाचा. आमच्या गावठाणात पन्हाळी वाहतात आणि दीड किलोमीटरवरच्या मळ्यात धूळसुद्धा बसत नाही, असं दर वर्षी एकदा तरी होतं. मग गावठाणातला म्हणतो अंदाज खरा, मळ्यातला म्हणतो खोटा.

त्यामुळे ‘आज पाऊस येणार’ असं मी फळ्यावर लिहीत नाही. ‘दुपारी तीननंतर जिल्ह्यात कुठेतरी गडगडाट. आपल्याकडे येईलच असं नाही. झाकायचं सामान शेतातच ठेवा,’ असं लिहितो. लांबलचक आहे, पण माणूस काय करायचं ते ठरवू शकतो.

रंग बघून पाऊस मोजणे

पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. हा रंग पावसाचाच असतो असं नाही. विजेचा, सोसाट्याच्या वाऱ्याचा, उष्णतेच्या लाटेचाही असतो. द्राक्षबागेला पाऊस न पडता नुसता वाराही पुरतो. रंगाखालची ओळ वाचा.

कालचंच आज पुढे ढकलणे

हवा स्थिर असते तेव्हा ‘काल होतं तेच आज’ हा बिनपैशाचा अंदाज बऱ्यापैकी चालतो. डिसेंबर-जानेवारीत मी त्यावर सर्रास भागवतो. अवकाळीच्या दिवसांत मात्र तो दगा देतो, कारण वरच्या थरातून काहीतरी सरकत असतं. उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारा कमी दाबाचा पट्टा, जातो, तो आपल्या डोक्यावर उंच थंड हवा आणि पिंजलेले ढग ओढून आणतो. बंगालच्या उपसागरावरून दमट वारे येतात. खाली मार्चच्या उन्हाने जमीन तापलेली असते. खाली गरम आणि दमट, वर थंड, अशी मांडणी जुळली की दुपारनंतर ढग उभा वाढतो, आणि तो पुरेसा उंच गेला तर गार बनते. २०१४ साली फेब्रुवारी अखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यात गारपीट पुन्हा पुन्हा होत राहिली, ती अशीच वरची हवा जागची हलेना म्हणून.

तापमानात ही चूक लगेच उघडी पडते. आभाळ असेल तर दुपारचं कमाल तापमान चार-सहा अंशांनी सहज उतरतं, पण त्याच रात्री किमान उतरत नाही, कारण ढग पांघरुणासारखे काम करतात. ढग गेले, वारा पडला, रात्र निरभ्र राहिली की किमान धाडकन खाली. म्हणजे पावसाळी दिवसाच्या आदल्या रात्री उबारा आणि नंतरच्या पहाटे गारठा, धुकं, दव. बागायतदाराला डावणी आणि भुरी या द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगांची धास्ती असते ती अशाच दिवसांत, आणि फळ्यावर लोक फक्त पाऊस शोधतात!

शहरातला आकडा गावाला लावणे ही याचीच धाकटी बहीण. निफाडजवळच्या कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्रात मोजलेलं किमान आणि नाशिक शहरातलं किमान थंडीत वेगळं असतं, हे इथे सगळ्यांना पाठ आहे. पुण्यातही पाषाण आणि लोहगाव यांत फरक दिसतो. आपल्या जवळचं केंद्र कोणतं ते एकदा शोधून ठेवा. राज्य सरकारच्या महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळाच्या पातळीवर आहेत.

उपग्रहाच्या चित्रात पांढरं दिसलं की घाबरणे

पोरं मला दुपारी चित्र पाठवतात: ‘काका, पूर्ण महाराष्ट्र पांढरा झालाय.’ अवरक्त (उष्णता टिपणाऱ्या) चित्रात पांढरं म्हणजे थंड, म्हणजे ढगाचा माथा उंच. उंच ढग पाऊस देणाराच असतो असं नाही. विक्षोभाबरोबर येणारे पिंजलेले ढग चित्रात झकास पांढरे दिसतात आणि खाली थेंब पडत नाही. खरा ढग ओळखायचा तर अर्ध्या-अर्ध्या तासाची दोन-तीन चित्रं ओळीने बघा. आधी नसलेला, कडा रेखीव असलेला, झपाट्याने फुगणारा ठिपका दिसला तर काळजी करा.

आणि चित्रावरची वेळ बघा. ती पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळ असते. तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. ०९०० लिहिलेलं चित्र सकाळी नऊचं नाही, दुपारी अडीचचं आहे. या एका गोष्टीवरून फळ्यासमोर दोन वेळा वादावादी झाली आहे.

फोनमधल्या तासाला वेदवाक्य मानणे

फोन सांगतो, चारला पाऊस, पाचला ऊन. हे आकडे संगणकाच्या प्रतिमानातून येतात, आणि प्रतिमान जमिनीचे चौकोन पाडून गणित करतं. आपल्याकडचं २०२५ साली सुरू झालेलं ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ६ किलोमीटरच्या चौकोनांवर चालतं. परदेशी ॲपांमागची जागतिक प्रतिमानं सहसा त्याहून जाड जाळीची. एका ढगाचा पत्ता आणि वेळ त्यांच्याकडे मागणं म्हणजे तालुक्याच्या नकाशात आपली विहीर शोधणं. त्या त्या वेळेपुरतं काम करतो तो हवामान खात्याचा तीन तासांचा तातडीचा इशारा. दुपारी तीननंतर मी फक्त तोच आणि रडारचं चित्र बघतो.

पावसाच्या शक्यतेपुढे लिहिलेल्या ‘४० टक्के’ याचा अर्थ दिवसाचा ४० टक्के वेळ किंवा निम्म्याहून कमी जोर असा नाही. अशी हवा असलेल्या दहा दिवसांपैकी चार दिवस तुमच्या जागी पाऊस होईल, इतकंच. मग काय करायचं ते नुकसानीवर ठरवा. उपटलेला कांदा झाकायला तासभर जातो आणि भिजलेला कांदा चाळीत सडतो, म्हणून मी २० टक्क्यांनाही झाकतो. फवारणी मात्र २० टक्क्यांसाठी पुढे ढकलत नाही.

घरच्या उपकरणांच्या खोड्या

वायुदाबमापक दुपारी उतरायला लागला की एखादा ‘वादळ येतंय’ म्हणून सांगत सुटतो. आपल्या अक्षांशांवर हवेचा दाब रोजच सकाळी दहाच्या सुमारास चढलेला आणि दुपारी चारच्या सुमारास तीन-चार हेक्टोपास्कलने उतरलेला असतो. तुलना कालच्या त्याच वेळेशी करा. फोनमध्ये साडेनऊशेच्या आसपास आकडा दिसला तरी दचकू नका, आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर राहतो.

पर्जन्यमापक झाड किंवा भिंतीच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर हवं. तापमापी सावलीत, वाऱ्याला, जमिनीपासून साधारण चार फुटांवर; पत्र्याच्या भिंतीवर ठोकलेली तापमापी पत्र्याचं तापमान सांगते. मापकात गारा पडल्या तर वितळेपर्यंत थांबा. घाई असेल तर मोजून कोमट पाणी ओता आणि नंतर तेवढं वजा करा.

आणि तारीख नसलेला संदेश

‘पुढचे ७२ तास अतिदक्षतेचे’ असा संदेश दर वर्षी मार्चमध्ये फिरतो, बहुधा तोच. कोणते ७२ तास, ते त्यात नसतं. फळ्यावर मी आता तारखेशेजारी वेळही टाकतो, ‘दु. ३.१०’ अशी, आणि पाच वाजता पुन्हा येऊन पुसतो. काल लिहिलेलं पुसण्याआधी वहीत उतरवतो: काय सांगितलं, काय झालं, आपल्या शिवारात की शेजारच्या. ताडपत्रीच्या घटनेनंतर ‘टळला’ हा शब्द या वहीत एकदाही आलेला नाही. रात्रीचं राहिलेलं असेल तर फळ्यावर ‘सकाळी साडेआठपर्यंत बघा’ असं लिहून मी घरी जातो.