जुन्या ४०७ चा गिअरबॉक्स ऑइल गळतोय? बॉक्स उतरवायच्या आधी हे करून बघा

गिअरबॉक्सखाली डाग दिसला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "सील गेलं, बॉक्स उतरवावा लागेल" (सील म्हणजे शाफ्टभोवती ऑइल अडवणारी रबरी कडी). बॉक्स उतरवायचा म्हणजे मजुरी आली, गाडी उभी राहिली आणि तेवढे दिवस भाडंही गेलं. माझं म्हणणं एवढंच आहे की जुन्या गाडीत गळती कुठून होतेय आणि का होतेय हे कळल्याशिवाय पान्याला हात लावू नका, कारण बऱ्याच गळत्या बाहेरूनच बंद होतात. मी टाटा ४०७ ट्रक धरून लिहितोय पण टाटाच्याच १६१३ किंवा जुन्या लेलँडलाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

आधी सेफ्टी. गाडी सपाट जागेवर घ्या, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली अजिबात जाऊ नका. नुकतीच चालून आलेली असेल तर थंड होऊ द्या, गरम ऑइल हातावर आलं की चांगलंच भाजतं.

आता शोधायचं कसं. सगळा बॉक्स डिझेल आणि ब्रशने धुवा, फडक्याने कोरडा करा, हवा मारली तर उत्तम, आणि मग जिथे जिथे संशय आहे तिथे साधी टाल्कम पावडर उडवा. दहा-पंधरा किलोमीटर गाडी फिरवून परत बघा, पावडर जिथे ओली झाली तिथून ऑइल येतंय. गाडी चालताना वाऱ्याने ऑइल मागे ढकललं जातं त्यामुळे मागचा भाग कायम जास्त माखलेला दिसतो आणि माणूस फसतो, म्हणून ओल्या भागातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधा. आणि बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं, क्लच झाकणारं कवच) खालच्या भोकातून थेंब पडत असतील तर ते ऑइल बोटावर घेऊन बघा. काळंकुट्ट आणि पातळ असेल तर ते इंजिनचं आहे, म्हणजे क्रँकचं मागचं सील, गिअरबॉक्सचा काही संबंध नाही. गिअर ऑइल जाड असतं, पिवळट तपकिरी, आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो, एकदा घेतला की तो विसरत नाही.

सगळ्यात आधी ब्रीदर बघा. बॉक्सच्या वरच्या बाजूला एक छोटी टोपी किंवा नळी असते तिथून आतली गरम हवा बाहेर जाते, पण धूळ आणि चिखल बसून ते भोक बंद होतं आणि मग शिट्टी अडकलेल्या कुकरसारखं आत प्रेशर वाढतं आणि ऑइल चांगल्या सीलमधूनसुद्धा बाहेर ढकललं जातं. ब्रीदर काढा, डिझेलमध्ये भिजत ठेवा, बारीक तारेने भोक मोकळं करा, त्याच्या एका तोंडातून हवा मारून बघा पलीकडून येते का. पैसे शून्य. नवीन सील टाकून महिन्याभरात परत गळायला लागलं अशी तक्रार असते ना, तिथे कितीतरी वेळा ब्रीदर कुणी बघितलेलाच नसतो.

त्याच वेळी लेव्हल बघून घ्या. बाजूचा फिलर प्लग काढला की ऑइल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवं, बस. "थोडं जास्त असू दे" म्हणून भरलेलं ऑइल फेसाळतं आणि बाहेरची वाट शोधतं. गळती कमी व्हावी म्हणून ९० ग्रेडच्या जागी १४० चं घट्ट ऑइल भरणारेही खूप आहेत, मला ते पटत नाही, थंडीच्या सकाळी गिअर जड पडतात आणि गळती काही थांबत नाही. कंपनीच्या पुस्तकात जो ग्रेड लिहिलाय तोच भरा. जिथे जीएल-४ (डब्यावर लिहिलेला गिअर ऑइलचा प्रकार) सांगितलंय तिथे जीएल-५ टाकू नका, त्यातल्या केमिकलने सिंक्रोच्या (गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या) पितळी रिंगा खराब होऊ शकतात.

ड्रेन प्लग पाझरत असेल तर वॉशर बघा. तांब्याचा असेल तर फेकायची गरज नाही, चिमट्यात धरून लालबुंद तापवा, पाण्यात टाका, वरची काळी खपली बारीक पॉलिश पेपरने काढा, तांबं परत मऊ होतं आणि नीट बसतं. ॲल्युमिनियमचा असेल तर सरळ नवीन घ्या. आणि प्लगवर पाइप लावून ताकद काढू नका, आटे गेले की पाच मिनिटांचं काम पाच दिवसांचं होतं.

वरचं गिअर लिव्हरचं कव्हर किंवा बाजूचं कव्हर गळत असेल तर आधी नुसते बोल्ट बघा, जुन्या गाडीत ते ढिले झालेलेच असतात. समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे करत आवळा. एक गोष्ट बरेच जण विसरतात, काही बोल्टची भोकं आरपार आत उघडतात आणि ऑइल आट्यावरून चढून डोक्याखालून बाहेर येतं, लोक मात्र पॅकिंग बदलत बसतात. असा बोल्ट काढा, आटे पेट्रोलने साफ करा, थोडं सीलंट लावून परत बसवा.

पॅकिंगच गेलं असेल तर पॅकिंगचा कागद आणा, कव्हरवर धरा, हातोडीच्या गोल बाजूने कडेकडेने हलकं ठोकत गेलात की हुबेहूब आकार कापला जातो. जुनं पॅकिंग खरवडताना भोकांत कापड कोंबा म्हणजे तुकडे आत पडणार नाहीत. कव्हर वाकलंय का ते जाड काचेवर ठेवून बघा, डुगडुगलं तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून गोल गोल घासा. सिलिकॉन लावायचं तर पातळ रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. भरपूर थापलं तर जास्तीचं आत पडतं आणि ऑइलच्या वाटा बुजवतं. ऑइल लगेच भरू नका, ट्यूबवर लिहिलेला वेळ जाऊ द्या, शक्य असेल तर रात्रभर.

मागचं सील बॉक्स न उतरवता बदलता येतं, फक्त मागे चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट सोडावा लागतो. सोडायच्या आधी दोन्ही फ्लँजवर (जॉइंटच्या एकमेकींना बोल्टने जोडलेल्या चकत्या) खूण करा नाहीतर बॅलन्स बिघडून गाडी थरथरते. फ्लँज हाताने वर-खाली हलवून बघा, खटखट प्ले (ढिलेपणा) असेल तर बेअरिंग गेलंय आणि कितीही भारी सील टाका, टिकणार नाही. प्ले नसेल तर फ्लँज काढून त्यावर नख फिरवा. सीलच्या जागी खाच लागली तर नवीन सील दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवा म्हणजे त्याची धार कोऱ्या जागेवर येते, आतल्या बाजूला बेअरिंगला टेकत नाही ना एवढं बघा. जुनं सील दुकानात घेऊन जा, त्यावर माप छापलेलं असतं. स्प्रिंगची बाजू ऑइलकडे, धारेला थोडं ग्रीस, आणि सीलच्या मापाचा पाइपचा तुकडा ठेवून सरळ ठोका, वाकडं गेलं तर दुसरं आणा.

बॉक्सला बारीक चीर असेल तर पूर्ण साफ आणि कोरडी करून एमसील लावलं तर गावापर्यंत पोहोचाल, पण तो कायमचा इलाज नाही, वेल्डिंग करून घ्यावंच लागतं.

बेल हाउसिंगमधून गिअर ऑइलच येत असेल, म्हणजे बॉक्सचं क्लचकडचं पुढचं सील गेलं असेल, तर मात्र टाळाटाळ नको. ते ऑइल क्लच प्लेटवर जातं, चढावर क्लच घसरतो, जळका वास येतो, आणि तिथे बॉक्स उतरवावाच लागतो. मग एकदाच पैसे घाला, पुढचं सील, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग (क्लच दाबणारं बेअरिंग) तिन्ही एकत्र बघून घ्या, मजुरी तीच लागते. बाकी कुठे नुसता ओलसरपणा असेल, थेंब पडत नसेल आणि लेव्हल उतरत नसेल, तर महिन्यातून एकदा फिलर प्लग काढून बघत राहा आणि गाडी चालवा.