मागच्या जादा टाकीत पेट्रोल उलटं उतरतंय?
बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटात गेलात आणि मोटारसायकल चढाकडे तोंड करून लावलीत, की कॅरिअरवरच्या जादा टाकीच्या हवेच्या नळीतून पेट्रोल ठिबकू लागतं. टाकी फुटलेली नसते. चढावर मुख्य टाकी उंच होते, मागची खाली जाते आणि जोडनळीतून पेट्रोल उलटं मागे येतं.

जोडनळीत एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व बसवा, बाण मुख्य टाकीकडे. पण दुकानदार देईल तो उचलू नका. कडक स्प्रिंगचे व्हॉल्व पंपाच्या दाबासाठी असतात. दोन टाक्यांतल्या पेट्रोलच्या पातळीत फूटभर फरक असला तरी दाब जेमतेम 0.02 बार. तेवढ्यानं ती स्प्रिंग हलतच नाही, मग मागची टाकी भरलेली असूनही गाडी बंद! हलक्या झडपेचा घ्या आणि कोरा असतानाच फुंकून बघा: बाणाच्या दिशेनं हवा सहज जावी, उलटी अडावी. सील व्हिटॉनचं (पेट्रोलमध्ये टिकणारं खास रबर) हवं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये साधं रबर फुगतं नि झडप अर्धवट उघडी राहते.

व्हॉल्वच्या आधी फिल्टर लावा, नाहीतर कचऱ्यानं झडप मिटत नाही. मागच्या टाकीखाली पितळी कॉकही ठेवा, गाडी लावली की बंद. अथणी-चिकोडीकडच्या सपाट रस्त्यांवर फिरणाऱ्याला, खरं तर, नुसता कॉकच पुरे. काम मात्र इंजिन गार असताना, उघड्यावर करा.